कासव नव्या घरी येतं तेव्हा

सहाराच्या दक्षिण काठावरचं सुलकाटा कासव वाढून ४०-५० किलोंचं होतं. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात हौसेने आणलेली अशी कितीतरी कासवं मग दत्तक द्यावी लागतात. नव्या घरी असं कासव पहिले काही दिवस कोपऱ्यात तोंड खुपसून बसतं, खात नाही. त्याला सारखं उचलू नये. हनुवटी वर राहील इतक्याच उथळ, कोमट पाण्यात अर्धा तास बसवावं. तिथे ते पाणी पितं आणि खडूच्या लगद्यासारखं पांढरं काही टाकतं. ते युरेट, मूत्रातला घन भाग. तो वाळूसारखा खरखरीत लागला, तर पाणी कमी पडतंय. खाणं म्हणजे गवत नि वाळला चारा. लाडाने दिलेली फळं पोट बिघडवतात. ऊन थेट हवं, खिडकीच्या काचेतून आलेलं चालत नाही. ही काळजी झाली सुलकाटाची; आपल्याकडे भारतात मात्र इथलं स्टार कासव घरी पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.