उलवे : क्रमांकांचे नगर आणि नावांची गावे

नगराचे विभाग कोणत्या नावांनी ओळखले जातात, हा प्रश्न वरवर पाहता टपालखात्याचा वाटतो. वस्तुतः तो भाषाशास्त्राचाही आहे. नाव देणे म्हणजे भूमीचा एक तुकडा इतर भूमीपासून वेगळा करणे होय. तो कोणत्या खुणेवरून वेगळा केला, हे पाहिले असता नाव देणाऱ्यांचे जीवन कळून येते. या दृष्टीने रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यातील उलवे या नव्या, गजबजत्या नगराचे उदाहरण उद्बोधक आहे.

१९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांच्या भूमीवर नवी मुंबई वसविली. पनवेलच्या खाडीपलीकडे दक्षिणेस असलेले उलवे हा तिचाच एक विभाग. त्याची वाटणी सेक्टरांत झाली आणि सेक्टरांना क्रमांक मिळाले. क्रमांकाचा एक गुण मान्य केला पाहिजे : तो कोणाचाच नसतो. दूरच्या प्रांतातून आलेल्या कुटुंबालाही तो पहिल्या दिवशी आपलासा करता येतो. परंतु क्रमांकावरून त्या जागेविषयी काहीच कळत नाही.

जुनी ग्रामनामे याच्या अगदी उलट प्रकृतीची आहेत. ११ नोव्हेंबर २०१८ रोजी खारकोपरपर्यंत रेल्वे सुरू झाली, तेव्हा बामणडोंगरी आणि खारकोपर ही नावे स्थानकांवर आली. 'डोंगरी' शब्दातील लघुत्वदर्शक प्रत्यय लहान टेकडी सुचवितो. 'खार' म्हणजे भरतीचे पाणी बांध घालून अडविलेली खारट जमीन. तिच्यात भाताचे पीक निघते. याच किनाऱ्यावरील मिठाच्या आगरांवरून 'आगरी' हे समाजनाम आले. चिंचपाडा हे नाव झाडाची आठवण ठेवते. वाघिवलीतील 'वली' हा संस्कृत 'पल्ली', म्हणजे लहान वस्ती, या शब्दाचा अवशेष असून तो डोंबिवली, कांदिवली या नावांतही दिसतो. सारांश, माती, पाणी, झाड आणि वस्ती यांची एक नोंदवहीच या नावांतून वाचावयास मिळते.

आता 'उलवे' हेच नाव पाहू. एके काळी ते एका गावाचे, एका टेकडीचे आणि एका नदीचे नाव होते. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळासाठी सुमारे ९० मीटर उंचीची टेकडी कापण्यात आली, नदीचा प्रवाह वळविण्यात आला आणि तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा, वाघिवली इत्यादी दहा गावांचे स्थलांतर झाले. त्या दहांत उलवे गावही होते. म्हणजे नाव ज्यांना लागत असे ते तिन्ही पदार्थ जागेवरून हलले अथवा नाहीसे झाले. नाव मात्र इमारतींच्या नव्या नगराकडे आले. पद टिकले, पदार्थ पालटला.

हा अनुभव केवळ आपला नव्हे. जपानी नगरांतही पत्ता सामान्यतः रस्त्यावरून नव्हे, तर विभाग व क्रमांक यांवरून सांगतात. तेथे १९६२ साली पत्त्यांच्या सुलभीकरणाचा कायदा झाला आणि अनेक नगरांतील जुनी मोहल्लानामे मोठ्या विभागांच्या क्रमांकित भागांत विलीन झाली. कानाझावा नगरातील काझुएमाची हे नाव एका सरदाराच्या वाड्यावरून पडले होते. १९७० साली ते रद्द झाले. मात्र १९९९ साली ते पुन्हा अधिकृत करण्यात आले. जुने नाव सांगणारे लोक व कागदपत्रे शिल्लक होती, म्हणूनच हे शक्य झाले.

उलव्याच्या बाबतीत मोलाची गोष्ट हीच आहे. ग्रामनामे निदान स्थानकांवर व सरकारी दप्तरांत राहतील. परंतु गावाच्या पोटात असलेली शेतांची, बांधांची, खाडीच्या फाट्यांची आणि उघाड्यांची नावे बहुधा केवळ बोलण्यात जगतात. शेत गेले की ते नाव उच्चारण्याचे कारण उरत नाही. जमिनीच्या मोबदल्याची भाषाही बदलली आहे. १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरातील आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले. त्या लढ्यातून पुढे आलेल्या योजनेमुळे 'साडेबारा टक्के' हे शब्द या भागात भूखंडाचे नामच बनले आहेत. ज्या शेतास पूर्वी स्वतंत्र नाव होते, त्याच्या बदल्यात मिळालेली जागा आता टक्क्यांनी ओळखली जाते.

क्रमांक काढून टाकावेत, असे कोणी म्हणणार नाही. वाढत्या नगराला ते हवेतच. मात्र खारात भात लावलेली पिढी हयात आहे तोवर तिच्या तोंडची शेतनामे, त्यांचे उच्चार आणि ती ज्या जागी होती त्या जागांचे नकाशे नोंदविणे, हे काम भाषेच्या अभ्यासकांना टाळता येणार नाही. कानाझावाने नाव परत आणले; नोंदच नसलेले नाव कोणत्याही कायद्याने परत येत नाही.