स्वादुपिंडदाहातील रक्तनिर्देशक आणि ‘तीव्र’ या शब्दाची द्व्यर्थता

काही वर्षांपूर्वी सक्करदऱ्यातील माझ्या एका शेजाऱ्यांस मध्यरात्री पोटात असह्य वेदना सुरू झाल्यामुळे रुग्णालयात न्यावे लागले. रक्ताच्या तपासणीत लायपेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, सामान्य मर्यादेच्या वीस पट आढळले आणि निदान ‘तीव्र स्वादुपिंडदाह’ असे सांगण्यात आले. वीस पट हा आकडा आणि ‘तीव्र’ हा शब्द यांची सांगड घालून कुटुंबीयांनी आशाच सोडली. सहाव्या दिवशी ते गृहस्थ चालत घरी आले. आकडा चुकीचा नव्हता व निदानही चुकीचे नव्हते; चुकला होता तो दोहोंचा लावलेला अर्थ. चिन्ह आणि अर्थ यांचा संबंध हा भाषाशास्त्राचा नित्याचा विषय असल्याने या प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे.

स्वादुपिंडात तयार होणारी पाचक विकरे एरवी लहान आतड्यात पोहोचल्यावरच क्रियाशील होतात. पित्ताशयातील खडे, मद्यपान किंवा रक्तातील ट्रायग्लिसराइडचे अतोनात प्रमाण यांसारख्या कारणांनी ती पिंडातच क्रियाशील झाली, की पिंडाचा दाह होतो आणि विकरे रक्तात उतरतात. अमायलेज काही तासांत वाढते व तीन ते पाच दिवसांत बहुधा पूर्ववत होते. लायपेज आठ ते चौदा दिवस वाढलेले राहते. अमायलेज लाळग्रंथींतूनही येत असल्याने गालगुंडातही वाढते. म्हणून निदानासाठी लायपेज अधिक विश्वसनीय ठरते. २०१२ सालच्या सुधारित अटलांटा वर्गीकरणानुसार विशिष्ट प्रकारची पोटदुखी, सामान्य मर्यादेच्या किमान तिप्पट अमायलेज वा लायपेज, आणि सीटी स्कॅनसारख्या चित्रणातील खुणा या तिन्हींपैकी दोन गोष्टी असल्या, की निदान निश्चित होते.

परंतु विकरांचे काम येथेच संपते. ती ‘रोग आहे काय?’ या प्रश्नाचे उत्तर देतात. ‘रोग किती गंभीर आहे?’ या प्रश्नाचे देत नाहीत. चौपट लायपेज असलेला रुग्ण दगावू शकतो आणि वीस पट असलेला सुखरूप घरी जाऊ शकतो.

दुसऱ्या प्रश्नासाठी निर्देशकही वेगळे लागतात. दाहामुळे रक्तातील द्रव ऊतींत झिरपतो व रक्त घट्ट होते. त्यामुळे हिमॅटोक्रिट ४४ टक्क्यांवर जाणे ही धोक्याची सूचना मानतात. मूत्रपिंडांस रक्त कमी पडू लागले, की युरिया वाढतो. २००८ साली मांडलेल्या ‘बायसॅप’ गुणांकनात युरिया-नायट्रोजन २५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असणे, मानसिक जाणीव मंदावणे, सर्वांगीण दाहाची लक्षणे, साठीपलीकडचे वय आणि फुप्फुसाभोवती साचलेले पाणी या पाच बाबी पहिल्या चोवीस तासांत पाहिल्या जातात. मात्र अहवालात संपूर्ण युरिया दिलेला असल्यास तो आकडा नायट्रोजनाच्या सुमारे २.१४ पट असतो, हे ध्यानात ठेवावयास हवे. सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन यकृतात तयार होण्यास वेळ लागत असल्याने ते ४८ तासांनी, दर लिटरला १५० मिलिग्रॅमपलीकडे गेल्यास, अर्थपूर्ण ठरते. दाखल होतानाचा त्याचा अल्प आकडा दिलासा देण्यास पुरेसा नाही.

गंभीर स्वादुपिंडदाहाची व्याख्याच मुळी ‘४८ तासांहून अधिक टिकलेली अवयवांची निकामी अवस्था’ अशी आहे. म्हणजे पहिल्या रात्री कोणताही एक आकडा रोगाची अंतिम प्रत सांगू शकत नाही. तपासण्या पुनःपुन्हा कराव्या लागतात, आणि एका आकड्यापेक्षा त्याची चढउतार अधिक बोलकी असते.

आता शब्दाकडे वळू. इंग्रजीत ‘अक्यूट’ म्हणजे एकाएकी उद्भवलेला आणि ‘सिव्हिअर’ म्हणजे गंभीर, असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. मराठीत दोहोंसाठी ‘तीव्र’ हाच शब्द पुष्कळदा योजला जातो. परिणामी ‘सौम्य तीव्र स्वादुपिंडदाह’ असा वदतोव्याघात संभवतो. ‘क्रॉनिक’साठी ‘चिरकारी’ हा शब्द मराठी वैद्यकीय लेखनात रूढ आहेच. त्याच्या जोडीस ‘अक्यूट’साठी ‘आशुकारी’ घ्यावा आणि ‘गंभीर’ हा शब्द केवळ रोगाच्या प्रतीसाठी राखावा, असे सुचवावेसे वाटते. सक्करदरा चौकात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे आणि १९४७ साली स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तेथून फार दूर नाही. दोन्ही परंपरांचे जाणकार इतके निकट असताना परिभाषेचा हा प्रश्न एकत्र बसून सोडविणे अशक्य नसावे.

पारिभाषिक शब्दांची काटेकोर निवड हा केवळ कोशकारांचा छंद नव्हे. मध्यरात्री रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्या कुटुंबास एका शब्दाने निराधार करता येते, अथवा जागरूक ठेवता येते.