कार्बन चुंबकाला चिकटला? आधी लोखंडाची झडती घ्या!

कसारा लोकल आंबिवलीला थांबली की जुन्या माणसांना अजून एनआरसी आठवते. मोहन्याची ही रेयॉन कंपनी 2009 साली बंद पडली. रेयॉन म्हणजे लाकडाच्या लगद्यातलं सेल्युलोज, आणि त्यात कार्बन भरपूर. 1950च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत युनियन कार्बाइडने रेयॉनचेच धागे भट्टीत तापवून कार्बनचे तंतू काढले होते. आंबिवलीत मात्र रेयॉन रेयॉनच राहिलं!

तिथून शहाड, मग कल्याण. इथल्या बिर्ला कॉलेजच्या नॅनोटेक्नॉलॉजी संशोधन केंद्रात आयआयटी मुंबईतून निवृत्त झालेले प्रा. महेश्वर शरॉन आणि डॉ. माधुरी शरॉन यांनी तेलांपासून नॅनोकार्बन, म्हणजे अतिसूक्ष्म आकाराचा कार्बन, बनवला. तो मायक्रोवेव्ह लहरी किती शोषतो, यावरचा त्यांचा शोधनिबंध 2006 चा.

तेलापासून होतं, तसं कापरापासूनही. आरतीचा कापूर काळा धूर का सोडतो? त्याच्या एकेका रेणूत दहा-दहा कार्बन अणू असतात आणि ते सगळे नीट जळत नाहीत. 2003 मध्ये जपानच्या मेइजो विद्यापीठात मुकुल कुमार आणि योशिनोरी आंदो यांनी हाच कापूर बिनहवेच्या भट्टीत फेरोसीनसोबत तापवला आणि कार्बनच्या अतिसूक्ष्म नॅनोनळ्या मिळवल्या. फेरोसीन हे लोखंडाचं संयुग. त्यातून सुटलेल्या लोखंडाच्या सूक्ष्म कणांवर नळी वाढते.

गंमत पुढे आहे. नळ्या तयार झाल्या तरी लोखंड आत अडकून बसतं. आम्लाने धुतलं की बरंचसं जातं, पण कार्बनच्या कवचात दडलेले कण हटत नाहीत. अशी काळी पूड चुंबकाकडे धावली, तर श्रेय कार्बनला कशाला द्यायचं?

या घुसखोराने भल्याभल्यांना चकवलं. 60 कार्बन अणूंचा फुटबॉलसारखा रेणू 1985 साली सापडला, त्याचं नोबेल 1996 मध्ये मिळालं. 2001 मध्ये ‘नेचर’मध्ये दावा आला, की हे चेंडू दाब आणि उष्णता देऊन एकमेकांना जोडले की चुंबक होतात, तेही सुमारे 500 केल्विन, म्हणजे 227 अंश सेल्सिअसपर्यंत. जगभर खळबळ! पण लोखंड आणि कार्बनचं संयुग असलेल्या सिमेंटाइटचं चुंबकत्वही नेमकं त्याच सुमाराला मावळतं. नमुन्यात लोखंड सापडलं आणि 2006 मध्ये तो निबंध मागे घेतला गेला.

मग शुद्ध कार्बन चुंबकीय होतच नाही? होतो, पण फार नखरे करून. इलेक्ट्रॉन जोडीने असले की त्यांचं चुंबकत्व एकमेकांना खोडतं. एकटा राहिला की ते उरतं. ट्रायअँग्युलीन या त्रिकोणी रेणूत असे दोन एकटे इलेक्ट्रॉन असतात. रसायनतज्ज्ञ एरिक क्लार यांच्या हाती प्रयत्न करूनही हा रेणू लागला नव्हता. झुरिकच्या आयबीएम प्रयोगशाळेत 2017 मध्ये तो बनला. आणि 1991 मध्ये त्याच फुटबॉलला टीडीएई नावाचं सेंद्रिय संयुग जोडून धातूविना चुंबक केला गेला. अट एवढीच, की तापमान 16 केल्विनहून कमी हवं. उणे 257 अंश!

साध्या ग्रॅफाइटचा स्वभाव तर उलटाच. ते चुंबकापासून दूर पळतं, आणि खास बनवलेली पातळ चकती चुंबकांवर चक्क तरंगते. पाणीही असंच दूर ढकललं जातं, फारच हलकेच. शरीरातल्या पाण्याच्या त्याच बळावर आंद्रे गाइम यांनी 1997 मध्ये प्रचंड ताकदीच्या चुंबकात जिवंत बेडूक तरंगवला, 2000 साली गमतीचं इग्नोबेल घेतलं आणि ग्राफीन या एका अणूइतक्या जाडीच्या कार्बन थरासाठी 2010 चं खरं नोबेलही.

बेडूक जमणार नाही, पण पेन्सिल जमेल. मेकॅनिकल पेन्सिलची 0.5 मिलिमीटरची लीड मधोमध दोऱ्याने आडवी टांगा, पंखा बंद करा आणि निओडायमियमचं जोरकस चुंबक टोकाजवळ हळूहळू आणा. लीड किंचित मागे सरते. ही चुंबकं लहान मुलांच्या आणि पेसमेकर असलेल्यांच्या जवळ मात्र अजिबात नेऊ नका.