विलग परिसरांचे आरंभदोष

कोकण रेल्वेने २६ जानेवारी १९९९ रोजी कोलाड ते गोव्यातील वेर्णा या मार्गावर भरलेले मालट्रक सपाट वाघिणींवर चढवून नेण्यास आरंभ केला. ट्रक, त्यातील माल व चालक ही ट्रकमालकाची. ट्रकचे यंत्र मात्र बंद, आणि ओढणारे इंजिन रेल्वेचे. सर्व्हरवरील ज्या विलग परिसरास कंटेनर म्हणतात त्याची रचना अशीच आहे. फायली व मांडणी त्याच्या स्वतःच्या असतात. कर्नेल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, यजमान सर्व्हरचा असतो. ही कल्पना नवी नव्हे. तिचे मूळ युनिक्समधील १९७९ च्या 'सीएचरूट'मध्ये आहे. २००० साली फ्रीबीएसडीने 'जेल' आणले आणि २०१३ पासून डॉकरने ती सर्वत्र रुळविली.

परिसर सुरू होत नसेल, तर दोष ट्रकचा की गाडीचा, हे प्रथम ठरवावे. त्याच सर्व्हरवर दुसरा एखादा लहानसा कंटेनर चालवून पाहावा. तो चालला तर यजमान बहुधा निर्दोष समजावा. मग नोंदवही वाचावी व निर्गमांक पाहावा. १२७ म्हणजे आज्ञा सापडली नाही. १२६ म्हणजे सापडली, परंतु चालविता आली नाही. १३७ म्हणजे प्रक्रिया सक्तीने थांबविली गेली, पुष्कळदा स्मृतीची मर्यादा ओलांडल्यामुळे.

आरंभ-फाईल डोळ्यांसमोर असताना 'फाईल सापडत नाही' असे उत्तर यावे, हा प्रकार नवख्यास चकवितो. येथे संदेशाचा कर्ता अध्याहृत आहे. न सापडणारी वस्तु ती फाईल नव्हे. तिच्या पहिल्या ओळीत नेमलेला, तिच्यातील आज्ञा वाचून पार पाडणारा कार्यक्रम होय. विंडोजवर लिहिलेल्या फाईलीत ओळीच्या अंती दोन अदृश्य चिन्हे असतात. लिनक्सला एकच अपेक्षित असल्यामुळे दुसरे त्या कार्यक्रमाच्या नावास चिकटते, आणि अशा नावाचा कार्यक्रम कोठेच नसतो. हस्तलिखितात लेखनिकाच्या हातून पडलेल्या जादा कान्याचाच हा प्रकार. ते चिन्ह काढताच काम होते.

तिसरा दोष आम्हांस अधिक महाग पडला. रोहे-कोलाड परिसरातील बोलींचा शब्दसंग्रह पोस्टग्रेसमध्ये होता. तो नव्या कंटेनरात नेला, तेव्हा सर्व्हर सुरूच होईना. मांडणीतील मराठी 'लोकेल' त्यास अमान्य होते. डेबियनच्या मूळ प्रतिमेत मराठीचे लोकेल तयार केलेले नसते. आम्ही ते काढून त्या जागी 'सी' घातले, संग्रह नव्याने भरला, आणि सर्व सुरळीत सुरू झाले.

सुरळीत कसले! 'सी' लोकेल केवळ संकेतांकांच्या क्रमाने लावते. युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच पुढे, व च्या आधी आहे. मराठी वर्णमालेत तो ह नंतर येतो. परिणामी 'काळ' हा शब्द 'कावड', 'काष्ठ' व 'काहूर' यांच्या आधी जाऊन बसला, आणि ही गोष्ट सूची छापावयास काढली तेव्हा ध्यानात आली. पहिला नकार खरे तर आमच्या हिताचा होता.

यावर उपाय असा की, लोकेल-संच प्रतिमा बांधतानाच बसवावा व त्यातून मराठी निर्माण करावे. चालत्या कंटेनरात केलेली दुरुस्ती तो नव्याने उभारताच नाहीशी होते. त्यानंतरही क्रम गृहीत धरू नये. ग्लिबसीच्या २०१८ मधील २.२८ या आवृत्तीने अनेक भाषांचे क्रम बदलले, म्हणून स्थलांतरानंतर जुन्या अनुक्रमण्या पुन्हा बांधाव्यात. आम्ही आता प्रत्येक आरंभी हेच चार शब्द लावून पाहतो. 'काळ' शेवटी आला नाही, तर परिसर मुद्दामच बंद होतो.