किशोरवयीन विद्यार्थ्यांतील ग्रंथिज्वर : एक आकलन

संसर्गजन्य मोनोन्यूक्लिओसिस अर्थात ग्रंथिज्वर हा बहुतांशी एपस्टाईन-बार विषाणूमुळे होतो. १९६४ मध्ये शोधला गेलेला हा विषाणू मुख्यतः लाळेतून पसरतो. भारतात बहुतेकांना त्याचा संसर्ग बालपणीच, ठळक लक्षणांविना होऊन जातो. किशोरवयात प्रथम संसर्ग झाल्यास मात्र ताप, घसादुखी, मानेत गाठी व दीर्घकाळ थकवा आढळतो. यवतमाळ जिल्ह्यात हिवताप व डेंग्यूही आढळत असल्याने रक्ततपासणी आवश्यक ठरते. प्रतिजैविके या विषाणूवर निरुपयोगी असून अमॉक्सिसिलिनमुळे पुरळ उठू शकते. प्लीहा वाढून फुटण्याचा धोका असल्याने किमान ३ आठवडे कबड्डी, कुस्ती वर्ज्य मानावी. म्हणूनच अशा विद्यार्थ्याचा थकवा प्राध्यापकांनी आळस समजू नये. उपस्थिती व क्रीडास्पर्धांबाबतचा निर्णय वैद्यकीय सल्ल्यानेच घेणे हितावह होय.