जुनी गाडी, नवा दम (भाग ७) : इंजिनचा नंबर शेवटी

कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या प्रीमियर पद्मिनीच्या बॉनेटखाली १,०८९ सीसीचं, जेमतेम ४० अश्वशक्तीचं इंजिन असे. आजची साधी छोटी गाडीसुद्धा याहून ताकदवान असते. त्यामुळे वडिलांच्या काळातली पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणायची ठरली, की घरात पहिली चर्चा इंजिनचीच होते. कुठलं बसेल? किती पळेल? गॅरेजमधला जाणता मिस्त्री मात्र आधी गाडीखाली शिरतो. त्याचा क्रम ठरलेला असतो: आधी सांगाडा, मग ब्रेक, मग स्टीअरिंग आणि सगळ्यांत शेवटी इंजिन. हा क्रम उलटला तर गाडी वेगवान होते आणि त्याच प्रमाणात धोकादायकही होते.

पद्मिनीचं मूळ इटलीत आहे. अभियंते दान्ते जियाकोसा यांच्या देखरेखीखाली घडलेली फियाट ११०० ची नवी पिढी १९५३ मध्ये आली. तिच्यात जीप किंवा ट्रकसारखी वेगळी चासी नाही. तळाचा पत्रा, दारांखालचे पोकळ पट्टे, खांब आणि छत मिळूनच सांगाडा तयार होतो. वालचंद समूहाच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने हीच रचना ११०० डिलाइट या नावाने साठच्या दशकात आणि पद्मिनी या नावाने १९७४ पासून पुढे चालवली. म्हणून इथे ‘चासीचं काम’ म्हणजे प्रत्यक्षात पत्र्याचं काम. मुंबईच्या खाऱ्या हवेत दारांखालचे पट्टे आतून सडतात, जॅक लावायच्या जागा खचतात आणि मागचे पाटे जिथे अडकवलेले असतात तिथला पत्रा कागदासारखा पातळ होतो. वरून पुट्टी आणि रंग मारला की हे काहीच दिसत नाही.

सडलेला पट्टा कापताना एका वेळी एकच बाजू घ्यायची आणि दाराच्या चौकटीत आडवा आधार वेल्ड करूनच कटर चालवायचा. दोन्ही बाजू एकदम कापल्या तर गाडी मधोमध दबते. मग दारं नीट लागत नाहीत, काचेला ताण येतो आणि पुढच्या चाकांचं अलाइनमेंट कधीच जमत नाही. ज्यांच्या स्टीअरिंगमध्ये दोष शोधला जातो, अशा कित्येक गाड्यांचा खरा दोष या पट्ट्यांत असतो.

सांगाडा सरळ झाला की ब्रेक.

वेग दीडपट झाला की गाडीत साठलेली ऊर्जा सव्वादोनपट होते. म्हणजे ताशी ६० ऐवजी ९० किलोमीटरवरून थांबायचं तर ब्रेकना सव्वादोनपट उष्णता पचवावी लागते. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक असत. ड्रम बंदिस्त असल्याने उष्णता लवकर बाहेर पडत नाही. घाटात सतत पाय ठेवून उतरताना पेडल दाबलेलं असूनही गाडी धावत राहते, ते त्यामुळे. पुढच्या चाकांना डिस्क बसवणं हा त्यावरचा उपाय. पण नुसतं कॅलिपर आणून भागत नाही. हबला जुळणारी डिस्क, कॅलिपर धरणारं मजबूत ब्रॅकेट, रिमच्या आत पुरेशी जागा आणि डिस्कला लागेल तेवढा दाब देणारा मास्टर सिलिंडर हे सगळं एकत्र जमावं लागतं. पुढच्या आणि मागच्या ब्रेकचा तोल चुकला, तर मागची चाकं आधी जाम होतात आणि ओल्या रस्त्यावर गाडी फिरते. जुन्या गाड्यांत चारही चाकांची ब्रेकची लाइन एकच असायची. एक पाइप फुटला की सगळे ब्रेक गेले. पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी दोन वेगळे मार्ग असलेला टँडम मास्टर सिलिंडर बसवणं, ही पद्मिनीतली सर्वांत मोलाची सुधारणा म्हणायला हवी. बाहेरून ती कुणाला दिसणारही नाही.

आता स्टीअरिंग. पद्मिनीत वर्म गिअरचा बॉक्स, त्याला जोडलेले रॉड आणि दुसऱ्या टोकाला आयडलर आर्म अशी साखळी असते. चाक हातभर फिरवल्यावर गाडी वळायला लागली, की बॉक्सवरचा स्क्रू आवळून ‘प्ले’ काढायचा, ही सर्वत्र दिसणारी युक्ती. ती फसवी आहे. गाडी बहुतेक वेळ सरळच धावत असल्याने वर्म मध्यभागी सर्वांत जास्त झिजतो. तिथला प्ले जाईपर्यंत स्क्रू आवळला, तर कडेची न झिजलेली जागा वळणावर अडकते आणि चाक आपोआप सरळ होत नाही. म्हणून आधी किंगपिन, त्याच्या बुशा, रॉडचे जॉइंट आणि आयडलर तपासायचे. बऱ्याच गाड्यांत खरी झीज तिथेच सापडते आणि बॉक्सला हातही लावावा लागत नाही.

काही हौशी मंडळी बॉक्स काढून दुसऱ्या गाडीचा रॅक-पिनियन बसवतात. त्यातली मेख रॅकच्या उंचीत आणि लांबीत आहे. पद्मिनीच्या पुढच्या चाकाला वर-खाली दोन विशबोन आहेत. चाक खड्ड्यात गेलं की ते या विशबोनच्या ठरावीक वक्ररेषेत हलतं. रॅकचा टाय रॉडही तशाच रेषेत हलायला हवा. तो लांब किंवा आखूड असेल, किंवा रॅक थोडा वर-खाली बसला असेल, तर प्रत्येक खड्ड्यात चाक स्वतःहून वळतं. याला ‘बम्प स्टीअर’ म्हणतात. हा दोष अलाइनमेंटच्या मशिनवर उभ्या गाडीत दिसत नाही. स्प्रिंग काढून चाक हाताने वर-खाली करत मोजलं, तरच तो कळतो. रुंद टायर आणि छोटं स्पोर्ट्स स्टीअरिंग व्हील एकत्र लावल्यास पार्किंगमध्ये चाक फिरवणं हे हमालीचं काम होतं. योग्य मापाचे रेडियल टायर आणि नव्या बुशा एवढ्यानेही ही गाडी आश्चर्य वाटावं इतकी सरळ धावते.

मग येतं इंजिन, आणि इथे दोन वाटा फुटतात.

पहिली वाट मूळ इंजिन जपण्याची. भारतात शिसंमिश्रित पेट्रोल २००० मध्ये बंद झालं. ते शिसं जुन्या इंजिनांत व्हॉल्व्हच्या सीटचं रक्षण करत असे, म्हणून हेड उतरवलंच आहे तर कठीण धातूच्या सीट बसवून घ्याव्यात. सध्याच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्याने जुनं रबर फुगतं आणि तडकतं. पेट्रोल पंपाचा पडदा, सगळ्या नळ्या आणि कार्ब्युरेटरची किट इथेनॉल सोसणाऱ्या रबराचीच घ्यावी. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं की थंडीतही गाडी लवकर सुरू होते.

दुसऱ्या वाटेचा नमुना खुद्द प्रीमियरनेच घालून दिला. १९८५ मध्ये कंपनीने ११८ एनई आणली. तिचं शरीर फियाट १२४ चं, तर इंजिन निस्सानचं ए-१२, म्हणजे ११७१ सीसीचं. पद्मिनीच्या क्रँकला तीन मेन बेअरिंगचा आधार होता, निस्सानच्या क्रँकला पाच. त्यामुळे ते वरच्या आरपीएमला शांत चालतं. हिंदुस्तान मोटर्सनेही नव्वदच्या दशकात अॅम्बॅसडरमध्ये इसुझूचं १.८ लिटरचं, ७५ अश्वशक्तीचं इंजिन पाच गिअरसह दिलं.

पद्मिनीत ए-१२ बसवायचा मोह म्हणूनच स्वाभाविक आहे. पण इंजिनबरोबर त्याचा गिअरबॉक्स येतो, गिअरबॉक्सबरोबर स्टीअरिंगखालचा हँडगिअर जाऊन जमिनीवरचा गिअर येतो, प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलते, माउंटिंग नव्याने करावी लागतात आणि खालच्या ऑइल पॅनला पुढची क्रॉसमेंबर आडवी येत नाही ना, हे आधी मोजावं लागतं. शाफ्टचा कोन चुकला तर ठरावीक वेगाला संपूर्ण गाडी थरथरते.

कायद्याची बाजूही इथेच येते. इंजिन आणि चासी क्रमांक आरसीवर नोंदलेले असतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल रोखतं, त्यामुळे स्पॅनर उचलण्याआधी आरटीओत चौकशी हवी. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची खास व्हिंटेज नोंदणी मिळते, पण चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरबदल झालेला नसेल तरच. साठच्या दशकातल्या डिलाइट आज या वयात बसतात आणि १९७४ नंतरच्या पद्मिनीही एकेक करून बसू लागल्या आहेत. अशी गाडी हाताशी असेल तर मूळ इंजिन भंगारात देऊ नये. टँडम मास्टर सिलिंडर, नव्या बुशा, रेडियल टायर या सुधारणा नट-बोल्ट उघडून मागे घेता येतात. कापलेला पत्रा आणि विकून टाकलेलं इंजिन परत येत नाही.

पुढच्या भागात वायरिंग: डायनॅमो काढून ऑल्टरनेटर बसवताना कोणत्या तारा बदलाव्याच लागतात आणि जुन्या फ्यूज बॉक्समध्ये आगीचा धोका कुठे असतो.