द्राक्षमद्याच्या गावी : करंजा ते नाशिक

द्रोणागिरीच्या कुशीत वसलेले करंजा हे उरण तालुक्यातील मच्छीमारांचे जुने गाव. येथून जवळच असलेल्या जवाहरलाल नेहरू बंदरात दरवर्षी जानेवारी ते एप्रिल या काळात नाशिक जिल्ह्यातील द्राक्षे थंड कंटेनरमधून येतात व जहाजाने युरोपकडे रवाना होतात. द्राक्षे अशी दरसाल आपल्या दारावरून जात असताना, ती जेथे पिकतात आणि जेथे त्यांची वाइन होते तो मुलूख एकदा पाहून यावा, असे या भागातील अनेकांस अलीकडे वाटू लागले आहे. नाशिक परिसरातील कित्येक वायनऱ्यांत पाहुण्यांना कारखाना दाखविण्याची व वाइनची चव घेऊ देण्याची सोय आहे. मात्र ही सहल केव्हा व कशी करावी, याचा विचार घरून निघण्यापूर्वीच झालेला बरा.

मद्यनिर्मिती ही उरण परिसरास नवलाची गोष्ट नव्हे. एकोणिसाव्या शतकात येथे मोहाच्या फुलांची दारू गाळणाऱ्या भट्ट्या मोठ्या संख्येने होत्या आणि त्यांचा माल मुंबईस जात असे. १८७८ च्या अबकारी कायद्याने या धंद्यावर सरकारी पकड बसली. पुढे १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही बंधने आली. ही दारू आणि वाइन यांतील भेद मात्र ध्यानात घेतला पाहिजे. मोहाची फुले आंबवून, ती उकळून, वाफ थंड करून दारू गाळली जाते. वाइन गाळीत नाहीत. द्राक्षाचा रस आंबला की त्यातील साखरेचे मद्यार्कात रूपांतर होते. तोच रस निवळून, मुरवून बाटलीत भरला जातो. त्यामुळे वाइनमध्ये मद्यार्काचे प्रमाण साधारणतः १२ ते १४ टक्के असते. प्रमाण कमी असले तरी ते मद्यच होय, हे वेगळे सांगावयास नको.

हंगाम पाहून निघावे

प्रस्तुत लेखक काही स्नेह्यांसमवेत प्रथम एका वायनरीत गेला तो ऑगस्ट महिन्यात. डोंगर हिरवेगार होते, हवा सुखद होती. परंतु वेलींवर एकही घड नव्हता व पोलादी टाक्यांच्या रांगेत सामसूम होती. मार्गदर्शकाने सारे काही नीट समजावून सांगितले, पण लग्नघरी वऱ्हाड निघून गेल्यावर पोहोचावे तशी आमची गत झाली. पुढे फेब्रुवारीत पुन्हा गेलो, तेव्हा कोठे त्या टाक्यांचा अर्थ उमगला.

याचे कारण द्राक्षवेलीच्या वार्षिक चक्रात आहे. युरोपात थंडीत वेल झोपी जाते व वर्षातून एकदाच छाटली जाते. आपल्या उष्ण हवामानात वेलीस अशी विश्रांती नाही, म्हणून महाराष्ट्रातील शेतकरी वर्षातून दोनदा छाटणी करतो. एप्रिलच्या सुमारास होणारी खरड छाटणी नव्या काड्या तयार करण्यासाठी असते. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील फळछाटणीनंतर घड येतात. तोडणी साधारण जानेवारीत सुरू होऊन मार्चपर्यंत चालते. फळछाटणीनंतर पाऊस लांबला तर कोवळे घड कुजतात आणि माल पिकत आला असता गारपीट झाली तर वर्षाची मेहनत एका तासात मातीस मिळते.

तोडणीच्या दिवसांत वायनरीत भल्या सकाळीच पोहोचावे. ऊन चढण्यापूर्वी, द्राक्षे थंड असतानाच क्रेट भरून येतात. त्यांचे वजन होते, रसातील गोडी मोजली जाते आणि मग देठ वेगळे करणाऱ्या यंत्रात घड पडतात. ही द्राक्षे आपण बाजारात घेतो त्या थॉमसन सीडलेससारखी नसतात. शेनिन ब्लाँ, सोव्हिन्याँ ब्लाँ, शिराझ, कॅबरने सोव्हिन्याँ अशा या जाती मण्याने लहान, सालीने जाड आणि बियांच्या असतात. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे दाबून रस लगेच सालीपासून वेगळा करतात. लाल वाइनसाठी सालीसकटच आंबवितात, कारण रंग आणि तुरटपणा सालीतून उतरतो. किण्व, म्हणजे यीस्ट, काम करू लागले की टाकीत उष्णता निर्माण होते. ती आवरली नाही तर सुगंध उडून जातो. म्हणून टाक्यांभोवती थंड पाणी खेळविलेले असते. फेब्रुवारीत टाकीजवळ उभे राहिल्यास आंबणाऱ्या रसाचा वास नाकात भरतो. तो अनुभव छापील माहितीपत्रकातून मिळणे नाही.

द्राक्षे कोणाची?

कारखाना पाहताना एक प्रश्न अवश्य विचारावा : ही द्राक्षे कोणाच्या बागेतील? महाराष्ट्रात या उद्योगाचा पाया १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे फेसाळ वाइनच्या निर्मितीने घातला गेला. नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरात राजीव सामंत यांनी उभारलेल्या सुला वायनरीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली आणि २००५ साली तेथे पाहुण्यांसाठी चवकक्ष सुरू झाला. २००१ साली राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. विंचूर येथे वाइन पार्क उभे राहिले. अनेक शेतकऱ्यांनी कंपन्यांशी करार करून वाइनच्या जातींची लागवड केली. परंतु २००८ नंतरच्या मंदीत मागणी घटली, काही वायनऱ्या बंद पडल्या आणि कित्येक शेतकऱ्यांस उभ्या बागा काढून टाकाव्या लागल्या. खाण्याचे द्राक्ष निर्यातीस गेले नाही तर निदान गावच्या बाजारात विकता येते. वाइनच्या द्राक्षास वायनरीखेरीज गिऱ्हाईक नाही. करार किती वर्षांचा, भाव गोडीवर ठरतो की वजनावर, हे ज्या वायनरीत मोकळेपणाने सांगितले जाते, तेथील भेट अधिक मोलाची, असे या लेखकाचे मत आहे.

चव घेण्याची रीत

कल्ले उचलून पाहिल्याशिवाय पापलेट न घेणाऱ्या करंजावासीयास ही रीत शिकण्यास कठीण नाही. प्रथम डोळ्यांनी रंग पाहावा, मग पेला हलकेच फिरवून वास घ्यावा आणि शेवटी लहानसा घोट तोंडात घोळवावा. क्रम हलक्याकडून भारीकडे असतो : फेसाळ, पांढरी, गुलाबी, लाल आणि अखेरीस गोड. प्रत्येक पेल्यात थोडीच वाइन ओततात. घोट गिळलाच पाहिजे असे नाही. थुंकण्यासाठी भांडे ठेवलेले असते व जाणकार ते निःसंकोच वापरतात. त्या दिवशी अत्तर लावू नये, उपाशीपोटी बसू नये, मधूनमधून पाणी प्यावे.

वयाचा पुरावा जवळ बाळगावा. १९४९ चा दारूबंदी कायदा राज्यात आजही लागू असून मद्य बाळगण्याची व पिण्याची परवाना-पद्धती त्यातूनच आली आहे. परवान्याविषयी वायनरीत आधीच विचारून घ्यावे. २६ जानेवारी हा तोडणीच्या हंगामात येणारा सुटीचा दिवस म्हणून अनेक जण तोच निवडतात, पण त्या दिवशी मद्यविक्री बंद असते. शनिवार-रविवारी गर्दी फार. मधल्या वारी गेल्यास मार्गदर्शकाशी बोलावयास सवड मिळते. फेरीची वेळ दूरध्वनीवरून आधी ठरवून घ्यावी.

प्रवास

स्वतःच्या मोटारीने गेल्यास भिवंडी, कसारा घाट व इगतपुरी या मार्गाने जाता येते. २०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाल्याने घाटाचा वळसाही टाळता येतो. परंतु चालविणाऱ्याने चव घेऊ नये, हा नियम निघण्यापूर्वीच घरात ठरावा. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास तो मोटार वाहन कायद्यान्वये गुन्हा ठरतो, आणि चार-पाच पेल्यांच्या चवीने ही मर्यादा ओलांडली जाणे अवघड नाही. त्यापेक्षा आगगाडी बरी. जानेवारी २०२४ पासून उरणहून नेरूळकडे उपनगरी गाड्या सुटतात. नेरूळहून ठाणे, ठाण्याहून कल्याण व तेथून नाशिक रोड. स्थानकावरून गंगापूर धरणाकडील वायनऱ्या सुमारे २० किलोमीटरवर आहेत. एक मुक्काम केल्यास पहाटेची तोडणीही पाहावयास मिळते.

येताना बाटली आणावयाची असल्यास पावती व परवाना तिच्यासोबत असू द्यावा. बुचाची बाटली घरी आडवी ठेवावी, म्हणजे बूच सुकत नाही. फिरकीच्या झाकणाची उभी ठेवली तरी चालते. करंजासारख्या दमट, उष्ण गावी ती खिडकीत किंवा चुलीजवळ ठेवू नये, आणि एकदा उघडल्यावर शीतकपाटात ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावी.